हट्ट, रडारड आणि पाहुण्यांपुढची कविता : पालकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एक ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं थोडक्यात छापली आहेत आणि नावं गाळली आहेत. उत्तरं बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक आणि बालवाडी शिक्षिका यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे. घरात ठीक असतो, पण दुकानात गेलं की त्याला काहीतरी हवंच असतं. नाही म्हटलं की तिथेच लोळण घेतो. लोक बघत राहतात, सासूबाई म्हणतात, "दे गं एकदाचं, कशाला रडवतेस." रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, दुर्लक्षही करून पाहिलं. आता काय करू? — एक आई, सांगली

उत्तर : तिन्ही उपाय तुम्ही आलटून-पालटून केलेत, अडचण तिथेच आहे. कधी ओरडा, कधी समजूत, आणि चौथ्या खेपेला लोकलाजेस्तव पुडा हातात. मुलाच्या बाजूने बघा: पाच वेळा रडून एकदा जरी वस्तू मिळाली तरी रडत राहणं फायद्याचंच. दर वेळी मिळत असती तर सवय मोडणं सोपं गेलं असतं. कधी मिळते, कधी नाही, ही सवय सगळ्यांत चिवट असते.

पण आधी हा हट्ट आहे की थकवा, ते पाहा. दुपारची झोप हुकलेल्या मुलाला संध्याकाळी सात वाजता गर्दीच्या दुकानात नेलं तर कुठलाच उपाय चालणार नाही. निघण्याच्या अर्धा तास आधी पोटात काहीतरी जाऊ द्या: केळं, पोळीचा लाडू, थालीपिठाचा तुकडा. वेळ सकाळची किंवा दुपारच्या झोपेनंतरची धरा आणि फेरी वीस मिनिटांत उरका.

दाराशी चपला घालतानाच एक वाक्य सांगा: "आज साबण आणि डाळ आणायची. बिस्कीट आज नाही." दुकानाच्या पायरीवर तेच पुन्हा. "हट्ट करणार नाहीस ना?" असं विचारून वचन घेऊ नका, अडीच वर्षांचं मूल खुशाल "नाही" म्हणतं आणि दोन मिनिटांनी ते त्याच्या गावीही नसतं. त्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्या. साबणाची वडी पिशवीत टाकायची, लिंबं एकेक करून द्यायची. निवड करू द्यायची तर तुम्हाला चालतील अशा दोनच वस्तूंतून: "हा साबण की तो?" "तुला काय हवंय?" हा प्रश्न दुकानात विचारायचाच नाही.

तरीही लोळला, तर त्याच्याजवळ खाली बसा. डोकं फरशीवर आपटणार नाही, जवळ काचेची बरणी नाही, एवढं बघा. एकदाच म्हणा, "बिस्कीट हवं होतं. राग आला. आज नाही." आणि मग गप्प राहा. रडण्याच्या भरात समजूत डोक्यात शिरत नाही. शिवाय तुम्ही बोलत राहिलात की घासाघीस अजून चालू आहे, असंच त्याला वाटतं. बहुतेक वेळा हे वादळ काही मिनिटांत ओसरतं. तो मारू-चावू लागला किंवा रस्ता जवळ असला तर न बोलता उचलून बाजूला न्या. पिशवी दुकानदाराकडे राहू द्या, ओळखीचा माणूस समजून घेतो. अंग सैल पडलं, हुंदके सुरू झाले की जवळ घ्या, पाणी द्या. "सॉरी म्हण", "पुन्हा करशील?" ही उलटतपासणी नको.

देणं बंद केल्यावर पहिले काही दिवस रडणं कमी होत नाही, वाढतं. पाच मिनिटं चालायचं ते पंधरा मिनिटं चालतं, कारण नेहमीचा उपाय का चालेना, हे तो जोर लावून तपासत असतो. नेमक्या याच दिवसांत आईवडील म्हणतात, "आमच्याकडे हे लागू पडत नाही," आणि पुडा देऊन मोकळे होतात. मग पंधरा मिनिटं रडलं की मिळतं, हे पक्कं बसतं. म्हणून लग्नकार्य, प्रवास, आजारपण नसलेले दोन आठवडे बघूनच सुरुवात करा. आणि एखाद्या दिवशी द्यायचंच असेल, तर पहिल्या "हवं"लाच देऊन टाका, रडू फुटल्यावर नाही.

सासूबाईंशी दुकानात वाद घालू नका. मूल झोपल्यावर घरी एकच गोष्ट ठरवा: तो रडत असताना कुणीच काही द्यायचं नाही. लाड बंद करा म्हणायची गरज नाही. बिस्कीट दुपारी चारला, खेळताना, आजीनेच द्यावं.

प्रश्न : मुलगी 14 महिन्यांची आहे. पडली किंवा हातातलं काही काढून घेतलं की एक किंकाळी फोडते आणि मग श्वासच घेत नाही. ओठ निळे पडतात, एकदा तर मान टाकली. तेव्हापासून घरात तिला कुणी "नाही" म्हणत नाही. ही फिट आहे का? — एक बाबा, नाशिक

उत्तर : वर्णनावरून हे श्वास रोखण्याचे झटके वाटतात. साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात ते दिसतात आणि मूल ते मुद्दाम करत नाही. रडताना श्वास पूर्ण बाहेर सोडलेल्या अवस्थेत अडकतो, रंग निळा पडतो, काही सेकंद शुद्ध हरपते आणि श्वास आपोआप सुरू होतो, बहुधा मिनिटाच्या आत. अशा झटक्याआधी नेहमी रडणं, दुखणं किंवा दचकणं असतं. फिट मात्र कारणाशिवाय, झोपेतही येते. तरी खात्री डॉक्टरांनी तपासूनच करायची. जमल्यास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी व्हिडिओ काढावा, त्याचा निदानाला फार उपयोग होतो.

त्या वेळी तिला सपाट जागेवर कुशीवर झोपवा. उभं धरू नका. तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं यांचा उपयोग नाही, आणि गदागदा हलवणं तर धोक्याचं आहे. घड्याळ बघा, घाबरलेल्या माणसाला वीस सेकंदही पाच मिनिटांएवढे वाटतात. मिनिटभरात श्वास परतला नाही किंवा श्वास सुरू होऊनही शुद्ध येत नसेल, तर 108 ला फोन करा. न रडता, खेळता-पळताना अचानक शुद्ध हरपत असेल तर हृदयाचा आलेख काढून घ्यावा लागतो. ते आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अशा मुलांत अनेकदा लोहाची कमतरता सापडते आणि ती भरून काढली की झटके कमी होतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगतात. औषधाचा डोस वजनावर ठरतो, दुकानातून परस्पर आणू नका. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलांना लोह कमी पडतं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा.

"नाही" म्हणणं मात्र सोडू नका. झटक्याच्या धाकाने घर चालू लागलं की दोन वर्षांची होईपर्यंत तिला कुठलीच मर्यादा ठाऊक नसते, आणि मग प्रत्येक गोष्टीवर रडू येतं. फक्त हातातली वस्तू हिसकावू नका. दुसरी वस्तू पुढे करा आणि पहिली काढून घ्या.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. जूनमध्ये बालवाडीत घातली. गेटवर इतकी रडते की माझाच पाय निघत नाही. बाई म्हणतात, तिचं लक्ष नसताना गुपचूप निघून जा. ते बरोबर आहे का? — एक आई, ठाणे

उत्तर : नाही. त्या दिवसाचं रडणं वाचतं, पण आई बघता बघता नाहीशी होऊ शकते, हे मुलीला कळतं. मग ती घरातही पाठ सोडत नाही. तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी दार वाजवत बसते. आईपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसते आणि दुसऱ्या वर्षात तिचा जोर असतो. तिसऱ्या वर्षी नव्या जागेत ती पुन्हा डोकं वर काढते, यात वावगं काही नाही.

निरोप छोटा आणि रोज एकसारखा हवा. एक मिठी, एक वाक्य, हात हलवायचा आणि वळायचं, सगळं मिनिटभरात. रडली म्हणून परत फिरायचं नाही, कारण परत फिरलात की उद्याचं रडणं लांबतं. वाक्य घड्याळाचं नको, "अकराला येते" यातलं तिला काही कळत नाही. "लवकर येते" तर त्याहून मोघम. बाईंकडून दिवसाचा क्रम विचारून घ्या, प्रार्थना, खेळ, डबा, गोष्ट असा जो असेल तो, आणि सांगा, "डबा झाला, गोष्ट झाली, की मी गेटवर." पहिले दोन आठवडे दहा मिनिटं आधीच पोचा. सगळी मुलं गेली आणि आपण एकट्याच उरलो, असं एकदा झालं की आठवडाभराची कमाई जाते.

शाळा तयार असेल तर वेळ हळूहळू वाढवा. पहिले दोन दिवस तासभर, तुम्ही वर्गात भिंतीशी बसून. खेळात पुढाकार घ्यायचा नाही, नुसतं दिसत राहायचं. तिसऱ्या दिवशी "मी पाणी पिऊन येते" असं सांगून दहा मिनिटं बाहेर. चौथ्या-पाचव्या दिवशी अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात डब्यापर्यंत, तिसऱ्यात पूर्ण वेळ. बऱ्याच शाळा पालकांना आत घेत नाहीत. मग निदान पहिला आठवडा निम्म्या वेळेचा मागा. मुलासाठी शाळेने दोन पावलं पुढे यायचं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बोर्डी-कोसबाड भागात मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

खिशात तुमचा छोटा रुमाल द्या. महागडं खेळणं नको, ते हरवलं की नवं रडू. पोचवायला काही दिवस बाबांना किंवा आजोबांना पाठवून बघा, निरोप अनेकदा सोपा जातो. झोपेचा हिशेबही नीट ठेवा: तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते. सातला उठायचं तर रात्री नऊला दिवा बंद. सकाळच्या घाईत अर्धवट उठवलेलं मूल गेटवर रडणारच.

बाईंना "आज रडली का?" असं विचारण्यापेक्षा "मी गेल्यावर किती वेळ रडली?" असं विचारा. दहा मिनिटांनी खेळायला लागत असेल तर सगळं ठीक चाललं आहे, गेटवरचं दृश्य कितीही वाईट दिसो. सोमवारी आणि सुट्टीनंतर रडणं परत येतं, तेही चालायचंच. तीन-चार आठवड्यांनंतरही बराच वेळ रडते, डबा तसाच परत येतो, कपड्यांत शू होऊ लागली, एखाद्या खोलीचं किंवा माणसाचं नाव काढलं की दचकते, असं असेल तर मात्र शाळेत काय घडतं याची नीट चौकशी करा. आणि घरी फोनवर "आज पण रडली बाई" हे तिच्या देखत सांगू नका. ती ऐकत असते.

प्रश्न : घरात मराठी, पाळणाघरात जर्मन. मुलगा दोन वर्षांचा, अजून दोन शब्द जोडत नाही. मराठी बंद करावी का? — एक आई, म्युनिक

उत्तर : करू नका. दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही. तो "पाणी" आणि "बॉल" म्हणतो, त्यातला एक शब्द मराठी आणि एक जर्मन असला तरी मोजताना दोन्ही धरायचे. मात्र दुसऱ्या वाढदिवसापर्यंत कुठल्याही भाषेत दोन शब्द जोडून बोलत नसेल, "बाबा ये", "अजून दे" असं काहीच नाही, तर थांबायचं नाही. आधी कानांची तपासणी, मग वाचा-उपचारतज्ज्ञ. सतत सर्दी-कान होणाऱ्या मुलांत कानात पाणी साठून ऐकू कमी येतं आणि घरात ते लक्षातही येत नाही.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची. घरात अखंड बडबड, पण पाहुणे आले की माझ्यामागे लपते. "काकांना कविता म्हणून दाखव" म्हटलं की रडायला लागते. नातेवाईक म्हणतात, हिला बुजरी करून ठेवलीत. आत्मविश्वास कसा वाढवायचा? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : पाहुण्यांपुढे कविता म्हणता येणं म्हणजे आत्मविश्वास नव्हे. ती मोठ्यांची करमणूक आहे, आणि ज्या मुलांना ती आवडते त्यांनी खुशाल करावी. काही मुलं नव्या माणसाला आधी लांबून न्याहाळतात, पंधरा-वीस मिनिटांनी हळूच जवळ येतात. स्वभावच तसा असतो, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

"आमची फार लाजाळू आहे" हे तिच्यासमोर म्हणणं थांबवा. त्याऐवजी "तिला जरा वेळ लागतो" म्हणा. पाहुणे येण्याआधी कोण येणार, किती वेळ बसणार, ते सांगून ठेवा आणि भेटीला तीन पर्याय द्या: नमस्कार करायचा, हात हलवायचा, किंवा बडीशेपेची वाटी नेऊन पुढे धरायची. तिसरा पर्याय अशा मुलांना सगळ्यांत सोपा जातो, कारण बघणाऱ्यांचं लक्ष वाटीकडे जातं. "काकूंना पापा दे" ही सक्ती पूर्ण बंद. कुणाला जवळ येऊ द्यायचं हे तिने ठरवायचं, आणि हे तिला आता कळलेलं पुढे कामाला येतं.

पाहुण्यांनाही जरा शिकवावं लागेल. नाव काय, शाळा कुठली, बाईंचं नाव काय, अशी सरबत्ती नको. ती खेळत असेल तिथे बसावं आणि खेळाबद्दल काहीतरी बोलावं: "हा ट्रक तर फारच लांब आहे." प्रश्न विचारलाच तर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबावं. बहुतेक मोठी माणसं दोन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतात किंवा आई उत्तर देऊन मोकळी होते.

आत्मविश्वास येतो तो हाताने काहीतरी जमलं की. मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, आपल्या फ्रॉकची बटणं लावणं. बटणांचंच घ्या. मूल सुरुवातीलाच चिडतं, कारण आपण त्याला पहिल्या पायरीपासून शिकवतो. उलट्या क्रमाने करा. तुम्ही बटण काजातून अर्धं बाहेर काढा आणि तिला ते फक्त ओढू द्या. शेवट तिच्या हातून झाला की काम "तिने" केलेलं असतं. चार-पाच दिवसांनी बटण काजाच्या तोंडाशी धरा, ढकलणं आणि ओढणं तिचं. मग काज शोधणंही तिचं. खालचं बटण आधी, कारण तिथलं तिला दिसतं. गळ्याजवळचं सर्वांत शेवटी. सराव मोठ्या बटणांच्या जुन्या शर्टावर, शर्ट मांडीवर ठेवून, रविवारी दुपारी. शाळेच्या सकाळी हा प्रयोग मांडलात तर तिसऱ्या मिनिटाला तुम्हीच बटणं लावून द्याल, आणि त्यातून ती शिकेल ते एवढंच की तिला जमत नाही.

एक गोष्ट तपासा. शाळेत ती कुणाशीच, अगदी शेजारच्या मुलीशीही, बोलत नाही असं आहे का? शाळेचा पहिला महिना सोडून पुढे महिनाभर किंवा जास्त असं चाललं असेल आणि घरात मात्र घडाघडा बोलत असेल, तर तो हट्ट किंवा लाज नाही. ती भीतीमुळे येणारी अडचण आहे आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांकडे लवकर जावं. "बोललीस तर चॉकलेट" आणि "बोल नाहीतर" या दोन्हींनी ती वाढते. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही अशा मुलांची तपासणी करून पुढची दिशा मिळते.

प्रश्न : नातू दोन वर्षांचा. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही. मुलगा-सून नोकरीवर, दिवसभर मीच असते. मोबाइल काढला तर दोन दिवस उपाशी राहिला. — एक आजी, लातूर

उत्तर : आजी, मोबाइल एकदम काढू नका. आधी आठवडाभर फक्त वेळा बसवा. दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास, मधे पाण्याशिवाय काही नाही. दूध दिवसाला दोन कप, आणि बाटलीतून जात असेल तर पेल्यातून द्या. मोबाइल लागतो याचं अर्धं कारण तो जेवायला बसतो तेव्हा त्याला भूकच नसते. बिस्कीट, चिवडा, बाटलीभर दूध मधेमधे गेलेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात एकच जेवण निवडा, ज्याला सगळ्यांत जास्त भूक असते ते. त्या जेवणाला मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुमचाही. त्याला तुमच्या ताटाशेजारी बसवा आणि तुम्हीही जेवा. वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा एवढंच वाढा: दोन चमचे मऊ वरणभात, दोन चमचे भाजी, चतकोर पोळी. भरलेलं ताट बघून लहान मुलं बिचकतात. एखादी वस्तू हातात धरून खाण्यासारखी हवी, पोळीची सुरळी, उकडलेल्या बटाट्याची फोड, इडलीचा तुकडा. सांडू द्या, खाली जुनी चादर अंथरा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, चेहरा पाडू नका, मागे घास घेऊन धावू नका. पुढचं खाणं त्याच्या ठरल्या वेळी.

तीन-चार दिवस कमी खाईल. खेळतोय, लघवी नेहमीसारखी होते आहे, तर हरकत नाही. वजन आधीच कमी असेल, ताप-उलट्या असतील किंवा सुस्तावला असेल तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पहिलं जेवण रुळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मगच दुसरं घ्या. चिऊ-काऊचा घास चालेल, पण तोही गंमत म्हणून. काऊ आल्याशिवाय तोंडच उघडत नसेल तर मोबाइल जाऊन कावळा आला इतकंच.

मुलगा-सुनेला एक नक्की सांगा: रविवारी हॉटेलात शांतता हवी म्हणून फोन समोर धरला तर सोमवारी भोगावं तुम्हाला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, कमी तितकं बरं. तो तास जेवणाच्या वेळी खर्च करू नका.

प्रश्न : चार वर्षांचा नातू झोपल्यावर दीडेक तासाने किंचाळत उठून बसतो. डोळे उघडे, पण कुणाला ओळखत नाही. दृष्ट काढली, फरक नाही. — एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : स्वप्नाने घाबरलेलं मूल बहुधा पहाटेकडे उठतं, आईला ओळखतं, बिलगतं आणि काय दिसलं ते सांगतं. तुमचा नातू गाढ झोपेतच असतो. याला झोपेतली घाबरगुंडी म्हणा. ती रात्रीच्या पहिल्या भागात येते, काही मिनिटं टिकते आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. हलवून जागं करू नका, त्याने ती लांबते. पलंगावरून पडणार नाही एवढं बघत शेजारी बसा, तो आपोआप आडवा होईल.

कारण बहुधा अपुरी झोप किंवा ताप. झोपायची वेळ अर्धा तास अलीकडे आणा. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटं त्याला हलकेच चाळवून पुन्हा झोपू द्या, आठवडा-दोन आठवडे. एकाच बाजूचे हातपाय लयीत झटकत असेल, लाळ गळत असेल किंवा एका रात्रीत अनेकदा होत असेल तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दृष्ट काढायला हरकत नाही, फक्त त्याच्यासमोर "रात्री भूत दिसतं वाटतं" असली चर्चा नको. बागुलबुवा, पोलीस आणि सुई देणारे डॉक्टर यांची भीती घालून जेवू घालणंही बंद करा.

प्रश्न : मी शांत राहायचं ठरवते, पण संध्याकाळी तीन वर्षांच्या मुलाला फटका बसतोच. मग मीच रडते. — एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : फटका बहुतेक घरांत एकाच तासात पडतो. सहा ते आठ. कामावरून आल्यावर, कुकर लावायचा असताना, मूल कंटाळलेलं आणि भुकेलं. म्हणून निश्चय करण्यापेक्षा तो तास बदला. आल्या आल्या दहा मिनिटं ओट्याकडे न जाता त्याच्याजवळ जमिनीवर बसा, फोन लांब ठेवून. मग त्याला खायला द्या, मग स्वयंपाक. रात्रीच्या भाजीची चिराचिरी सकाळी किंवा आदल्या रात्री. त्या तासात घरातल्या दुसऱ्या माणसाने मुलाला खाली फिरवून आणायचं, हे ठरवून घ्या.

हात उचलला जातोय असं वाटलं की हात मागे घ्या, मूल सुरक्षित जागी असेल तर दोन पावलं मागे सरा, लांब श्वास सोडा. त्याला ऐकू जाईल असं म्हणा, "मला राग आलाय. मी पाणी पिऊन येते." फटका बसलाच, तर दोघं शांत झाल्यावर एवढंच पुरे: "मी मारलं, ते चूक. तुला लागलं. खेळणी फेकायची नाहीत, हे मात्र तसंच." "तू असं केलंस म्हणून मी मारलं" हे वाक्य जोडू नका, आणि अपराधीपणापोटी चॉकलेटही देऊ नका.

रोजच असं होत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मदत मुलाच्या आधी तुम्हाला हवी आहे. टेली-मानस ही सरकारची मोफत फोनसेवा 14416 वर चोवीस तास असते, मराठीतही बोलतात.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा खेळात हरला की सोंगट्या उधळतो. आम्ही मुद्दाम हरायचं का? — एक बाबा, बेळगाव

उत्तर : दर वेळी नाही. सापशिडीपासून सुरू करा, तिथे सगळं फाशावर असतं, हुशारीचा संबंध नाही. डाव छोटा ठेवा, दहा मिनिटांत संपणारा. सुरू करण्याआधी ठरवा: हरणारा सोंगट्या डब्यात भरतो आणि पुढचा डाव पहिला टाकतो. तुम्ही हराल तेव्हा मोठ्याने बोला, "अरे! मला वाईट वाटलं. चला, सोंगट्या भरतो." उधळल्या तर त्या दिवशीचा खेळ संपला, बाकी भाषण नाही.

घरात "किती हुशार आहे आमचा" असं सारखं म्हणता का, तेही बघा. म्युलर आणि ड्वेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, हुशारीची स्तुती झालेली मुलं अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर हिरमुसली आणि पुढे कमी पडली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं टिकून राहिली. तेव्हा केलेल्या कामाचं नाव घ्या: "साप लागला तरी सोंगटी खाली आणलीस", "कोडं तीनदा उलटं लावलंस आणि मग जमलं." सापशिडी पचली की पत्त्यांत भिकार-सावकार घ्या. बुद्धिबळाची घाई नको, तिथे हरण्याचं खापर फाशावर फोडता येत नाही.